वेई काकांच्या दुकानातला ओढा

लिऊचौ, दगडबाजार
सातव्या महिन्याचा शेवटचा आठवडा, सोमवार

आदरणीय मामा,

माझ्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती चौथ्या महिन्यातल्या एका दुपारी सव्वातीन वाजता. श्याओमाननं मला "तुला मासे पाळता येतात का रे?" असं विचारलं आणि शेवयांचा घास तोंडात असतानाच मी "त्यात काय एवढं!" म्हणालो. घास गिळून मग उत्तर दिलं असतं तर मधल्या वेळात कदाचित अक्कल आली असती. पण हे मी भलतीकडूनच सुरू केलं. आधी तुम्हाला आणि मामींना कमरेतून वाकून नमस्कार. तुमचा खोकला गेला का? मामींची पाठ कशी आहे? (त्यांना म्हणावं, खाचरात वाकायचं काम मामांना द्या, ते नाहीतरी ओढ्याकाठी बसूनच असतात.) बदकं किती उरली? मागच्या खेपेला पाठवलेला आंबवलेला मुळा पोचला. खोलीतले बाकीचे दोघे तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, पण मुळा उत्तम होता. फोनच केला असता, पण फोन आला की तुम्ही स्पीकर लावून पायरीवर बसता आणि मग माझी भानगड तुमच्या गावातली डुकरंसुद्धा कान टवकारून ऐकतात. म्हणून पत्र. ते मो ड्रायव्हरच्या हाती देणार आहे, त्याची बस परवा निघते.

श्याओमान कोण, हे तुम्ही विचारणारच. वेई काकांची मुलगी. आणि वेई काका म्हणजे आमच्या दगडबाजारातल्या सगळ्यात जुन्या दुकानाचे मालक. नान्निंगचं कॉलेज मी तिसऱ्या वर्षी सोडलं हे तुम्हाला माहीतच आहे. (का सोडलं ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. पुलाच्या आराखड्यावरून सरांशी वाजलं. पूल माझाही पडला असता, पण त्यांचा आधी पडला असता, एवढंच माझं म्हणणं होतं. ते त्यांनी ऐकून घेतलं नाही, मी वही टेबलावर आपटली आणि निघालो.) आता मी या बाजारात हातगाडी ओढतो. हे दुकान ते दुकान, दगड नेतो, दगड आणतो. काम वाईट नाही, दगड उलट उत्तर देत नाहीत. काकांच्या दुकानी पहिल्यांदा माल घेऊन गेलो तेव्हा श्याओमान फोनपुढे बसून कुठल्या कुठल्या शहरांतल्या गिऱ्हाइकांना एक दगड फिरवून फिरवून दाखवत होती. मी गाडी उंबऱ्यावर धडकवली. ती गिऱ्हाइकांना म्हणाली, "घाबरू नका, भूकंप नाही, आमचा हमाल आहे." मामा, तेव्हापासून मला भूक लागत नाही. म्हणजे लागते, पण लक्ष लागत नाही.

काका तरुणपणी लाल नदीच्या तळाशी बुड्या मारून दिवाणखान्यात शोभेला ठेवायचे दगड काढायचे. मग गुडघा गेला आणि ते दुकानात बसले. त्यांच्याकडे प्रत्येक दगडाला कोरीव लाकडी बैठक आहे, नाव आहे आणि रोजची आंघोळ आहे. आधी मऊ ब्रश, मग कोरडं फडकं, मग तळहातानं चोळणं. हाताचं तेल मुरून दगडावर जी झळाळी चढते, ती या बाजारात माणसाच्या अब्रूइतकी जपतात. काका नव्या माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी हात बघतात. (माझे बघितले आणि जवळचा दगड उचलून आत ठेवला.) आता गुडघ्यामुळे त्यांना त्या नदीवर जाता येत नाही, म्हणून त्यांच्या साठीला दुकानातच थोडी नदी आणून ठेवायची असं श्याओमाननं ठरवलं. काचेची लांब टाकी, त्यात काकांचेच गोलसर गुळगुळीत दगड, वरून वाहतं पाणी आणि दगडांवर खडकचिकटे. काका लहानपणी हेच मासे पकडायचे म्हणे. त्या बेतासाठी तिनं मला तो प्रश्न विचारला, मी ते उत्तर दिलं, आणि तुम्ही बिचारे माझ्या एका निरोपावर ओढ्यात उतरून दहा मासे पाठवते झालात.

खडकचिकटा म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे सुताराला रंधा दाखवणं. पण मला ते इतका मार खाऊन कळलंय की एकदा लिहून टाकू द्या. चपटा मासा, पोटानं दगडाला असा घट्ट बसतो की वरून बघावं तर दगडावर कुणी शिक्का उमटवलाय. त्याला पाणी हवं गार, धावतं आणि फेसाळतं. मी मात्र मासेवाल्याच्या दुकानात गेलो आणि कुठले मासे हे मी सांगायच्या आधीच त्यानं सामान बांधलं: पाणी गरम करायची कांडी, निळी-गुलाबी टोकदार खडी, सोनमाशांचं खाणं, आणि बुडबुडे आले की दार उघडणारा प्लॅस्टिकचा पॅगोडा. (लिऊचौत उन्हाळा लागताना पाणी गरम करायची कांडी! इथे नळाच्याच पाण्यात चहा उकळायचा बाकी असतो.) सकाळी टाकी भरली, दुपारी मासे सोडले. संध्याकाळी दहाच्या दहा मासे काचेच्या वरच्या कडेला, जणू बसची वाट बघत उभे. दुसऱ्या दिवशी एक जण काच चढून खरंच निघून गेला. तो 'चंद्र बघणारा म्हातारा' नावाच्या दगडामागे सापडला, सुकटासारखा. त्याच दिवशी संध्याकाळी आणखी एकानं टाकीतल्या टाकीत हाय खाल्ली. काका तिथेच होते. म्हणाले, "पोरा, तू यांना पाळायला आणलंस की वाळवायला?"

श्याओमान त्याहून वाईट. "त्यात काय एवढं, म्हणाला होतास ना? त्यात हे एवढं!" असं म्हणून तिनं माझ्या हातातला पॅगोडा काढून घेतला आणि तीन दिवस फोनमध्ये डोकं घालून वाचत बसली. मग तिनं सांगितलं आणि मी केलं. खडी काढली, बारीक वाळू आणि गोटे घातले. कांडी मासेवाल्याला परत नेऊन दिली (कशी दिली ते विचारू नका, तो आता मला बघितलं की शटर ओढतो). टाकीच्या एका टोकाला जोरदार पंप, त्याच्या तोंडाला स्पंज, म्हणजे मासा ओढला जाणार नाही, आणि पाणी एका टोकाकडून दुसऱ्याकडे असं सुटलं की माझ्या हातावरचे केस आडवे व्हायचे. वर झाकण, कारण हे मासे भिंत चढण्यात माकडांचे काका. दुपारी पंखा, आणि फार उकाडा असेल तर बाटलीत गोठवलेलं बर्फ पाण्यात तरंगवायचं. उरलेले आठ मासे दुसऱ्याच दिवशी प्रवाहाकडे तोंड करून दगडांवर बसले, आणि मला वाटलं, आता काय, फक्त अक्षता पडायच्या बाकी.

तेवढ्यात काका आले. काठी टेकून टाकीपुढे उभे राहिले, बराच वेळ पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, मग परत टाकीकडे. म्हणाले, "पाणी दाराकडे वाहतंय." मी म्हटलं, "हो काका, छान वाहतंय." "छान काय? दुकानातलं पाणी दाराकडे वाहिलं की दुकानाची बरकत त्याच्याबरोबर वाहते. आणि घरची मुलगीसुद्धा." मामा, अशा वेळी शहाणा माणूस मान डोलावतो आणि टाकी फिरवतो. मी म्हणालो, "काका, मुलगी तर कधी ना कधी दाराकडेच जाणार की." श्याओमान दगड पुसत होती, तिचा हात थांबला.

काका खुर्चीत बसले. "बस," म्हणाले. मी बसलो. "एकच विचारतो. सुरू केलेलं एखादं काम तू आजवर संपवलंयस? कॉलेज?" मी पंपाची वायर सरळ केली. "त्यानंतर सिमेंटच्या कारखान्यात लागला होतास, ते?" (तिथल्या मुकादमाला मी बोललो होतो, पण तो विषय वेगळा.) "जाऊ दे, समोरची ती वाटी?" वाटीत शेवया निम्म्या राहिल्या होत्या. मग काका म्हणाले, "आठ मासे आहेत. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मला आठच्या आठ जिवंत दाखव. त्याच दिवशी तुझ्या घरच्या मोठ्या माणसांना मी चहाला बोलवीन. एक जरी कमी भरला, तर तुझी हातगाडी या दारापुढून जाता कामा नये." श्याओमान म्हणाली, "बाबा, माझं लग्न माशांवर ठरवताय?" काका म्हणाले, "माशांवर नाही, याच्या चिकाटीवर. मासे चिकटतात हे मला माहीत आहे. हा चिकटतो का बघायचंय."

तो नौकांच्या शर्यतीचा दिवस होता. नदीवर ढोल वाजत होते, अख्खं गाव काठावर, आणि मी बादल्यांनी टाकी उपसत होतो, फिरवत होतो, परत भरत होतो. पाणी आता दाराकडून आत, दुकानाच्या काळजात वाहायला लागलं. माझे मात्र हात खांद्यातून वेगळे झाले. श्याओमाननं पानात बांधलेला चिकट भात आणून दिला आणि तो मी शेवटच्या शितापर्यंत, काकांना दिसेल असा, संपवला.

त्या दिवसापासून काका रोज दुकान बंद करताना चष्मा लावायचे, टाकीपुढे वाकायचे आणि बोटानं मोजायचे. "एक, दोन... सहा, सात... तो कोपऱ्यातला... आठ." मग दिवा बंद. ते "आठ" ऐकलं की माझा दिवस सार्थकी लागायचा. कुणाला परीक्षेत पहिला नंबर आल्यावर होत असेल तसं. (मला अनुभव नाही.)

आता खरी गोष्ट. या माशांना खायला लागतं शेवाळं. दगडावरचा हिरवा, बुळबुळीत थर खरवडत ते दिवसभर फिरतात, वरून टाकलेलं खाणं त्यांना नुसतं तोंडी लावण्यापुरतं. आणि काकांच्या दगडांवर शेवाळं कुठलं, त्यांच्यावर माशी बसली तर घसरून पडेल. म्हणून मी गच्चीवर पराती मांडल्या, त्यात पाणी आणि काकांकडून मागून घेतलेले डझनभर गोटे ठेवले, आणि एकोणीस दिवस त्यांना उन्हात राखलं. रोज पाणी, रोज हलवाहलव. कावळे हाकलले. एकोणिसाव्या दिवशी गोटे असे हिरवेगार झाले की मला रडू आलं. मी आयुष्यात पिकवलेली ही पहिली गोष्ट. ते टाकीत मांडले आणि मासे त्यांच्यावर तुटून पडले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता जाऊन बघतो, तर दगड लखलखीत. एका रात्रीत आठ माशांनी सगळं फस्त केलं! मी श्याओमानला म्हटलं, "भूक बघ यांची!" मासेवाल्याच्या शटरपुढे उभं राहूनही ओरडलो, की बघ, माझे मासे कसे खातात. गच्चीवरून दुसरा हप्ता आणला. तोही सकाळपर्यंत साफ. तिसरा साफ. मी वरून टाकायचं खाणंसुद्धा कमी केलं, म्हटलं इतकं खातात, अजीर्ण व्हायला नको. असा महिना गेला. पराती अपुऱ्या पडायला लागल्या, घरमालक म्हणाला की गच्चीवर भाताची लागवड केली आहेस काय. मी आपला खुशीत. मग एक दिवस श्याओमाननं टाकीला नाक लावलं आणि विचारलं, "इतकं खातात तर यांची पोटं आत का गेलीत?" मी पाहिलं. खरंच. आठही जण काचेला चिकटले तर पलीकडचं दिसावं इतके पातळ. ती म्हणाली, "खाल्लेलं जातं कुठं, बोवेन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी दुकानात गेलो. श्याओमाननं मागचं दार उघडलं. आत दिवा लागलेला. वेई काका स्टुलावर बसलेले, बाह्या कोपराच्या वर, मांडीवर टॉवेल, हातात जुना दातांचा ब्रश. टाकीतला एकेक गोटा काढत होते, माझं एकोणीस एकोणीस दिवसांचं शेवाळं घासून बादलीत टाकत होते, फडक्यानं पुसत होते, वर (हे त्या दिवशी नवीनच) बाळाला लावायच्या तेलाचं बोट फिरवत होते, आणि गोटा परत पाण्यात अगदी जागच्या जागी ठेवत होते. तोंडानं काहीतरी गुणगुणत होते. टाकीच्या पाण्यावर तेलाचे इंद्रधनुष्यासारखे गोल तरंगत होते आणि मासे वरच्या कडेला.

मामा, तुम्ही मला ओळखता. मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही, कागद खराब होईल. थोडक्यात, मी त्यांना खुनी म्हणालो. काका स्टुलावरून न उठता म्हणाले, "आवाज खाली. पस्तीस वर्षं दगड विकतोय. माझ्या दुकानात शेवाळलेला दगड? गिऱ्हाईक आत येऊन काय म्हणेल, वेईनं धंदा सोडून डबकं काढलं? तुला आळस, तुला दगड पुसायला होत नाही, म्हणून महिनाभर मी पहाटे उठून तुझं काम करतोय आणि तुला एका शब्दानं बोललो नाही!" मी म्हटलं, "तो आळस नाही, ते त्यांचं जेवण आहे! नदीत दगडांवर शेवाळंच असतं, तुम्हाला माहीत नाही?" तेव्हा मात्र काका उठले. काठी न घेता. म्हणाले, "मला माहीत नाही? अरे, त्याच शेवाळ्यावरून पाय घसरून माझा गुडघा गेला! पस्तीस वर्षं मी त्याच्या नावानं बोटं मोडतोय, आणि तू ते परातीत लावून, पाणी घालून, माझ्या घरात आणून वाढवतोस?" आणि मग, "बाहेर हो."

मी झालो. नदीकाठानं दुसऱ्या पुलापर्यंत गेलो. वाटेत ठरवलं की हे शहर सोडायचं, नाव बदलायचं, जहाजावर नोकरी धरायची. मग अकरा वाजले आणि ऊन चढलं. बर्फाची बाटली बदलायची वेळ झाली होती, आणि ती कुठल्या खणात आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. परत गेलो. काका टाकीपुढे उभे होते. पाण्यावर टिपकागदाचे तुकडे अलगद पसरत होते, तेल शोषलं की उचलत होते, नवा कागद पसरत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली. मी बाटली बदलली. मग एका बाजूनं ते कागद टाकायला लागले, दुसऱ्या बाजूनं मी पाणी बदलायला लागलो, आणि दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून ओढा परत वाहता केला. श्याओमान मधल्या मधे उभी, म्हणाली, "तुम्हा दोघांपेक्षा मासे बरे, निदान एका दिशेला तोंड करतात."

गच्चीवरचे हिरवे गोटे मी परत मांडले. दुसऱ्या दिवशीही ते हिरवेच राहिले. गिऱ्हाइकानं विचारलं की हे असे का, तर काका दुसरीकडे बघत म्हणाले, "ते विकायचे नाहीत, तिथे मासे राहतात." आठवड्यात माशांची पोटं भरली. इथपर्यंत सगळं ठीक आहे आणि तुमच्या आशीर्वादानं पुढेही ठीकच होईल. मामींना सांगा की मी वेळेवर जेवतो आणि भांडण कमी केलंय.

तुमचा भाचा,
बोवेन

ता. क. मुख्य मुद्दा राहिला. मासे सात आहेत. तेलाच्या दिवसानंतर एक दिसेना. दगडांखाली बघितलं, स्पंजमागे बघितलं, 'चंद्र बघणाऱ्या म्हाताऱ्या'च्या मागे बघितलं. मग वाळूत थोडंसं जे मिळालं ते मी कागदात गुंडाळून नदीत सोडून आलो. कुणाला सांगितलं नाही. काकांनी त्या दिवसापासून मोजणंच बंद केलंय. दुकान बंद करताना चष्मा काढून खिशात ठेवतात आणि टाकीकडे न बघता दिवा घालवतात. पण पौर्णिमेला मोजणारच, आणि पौर्णिमेला पंधरा-सोळा दिवस राहिलेत. तर मामा, मो ड्रायव्हरच्या परतीच्या बसनं एक खडकचिकटा पाठवा. तीन बोटं लांब, जास्त जाड नको, चेहरा साधारण बाकीच्यांसारखा. याला फसवणूक म्हणू नका. कॉलेजात याला पुरवणी परीक्षा म्हणतात. चूक काकांची होती हे मी त्यांना भर चौकात सिद्ध करू शकतो, पण मग चहा कोण पाजणार? आज काका गुडघ्याच्या डॉक्टरकडे म्हणून सकाळीच रेल्वेनं गेलेत, उद्या येतील. तेव्हा घाई करा.

ता. क. दुसरा, बुधवार. मासा पाठवू नका.

काल संध्याकाळी काका परत आले. लंगडत होते, म्हणजे जाताना लंगडत होते त्यापेक्षा जास्त. पँट गुडघ्यापर्यंत ओली. श्याओमान म्हणाली, "डॉक्टरनं नदीत बसवून तपासलं का?" काका म्हणाले, "पाऊस होता." (आकाश निरभ्र होतं.) बगलेत त्यांचा चहाचा थर्मास, पण चहा कुणाला देईनात, आणि आम्हा दोघांना शेवया आणायला पिटाळलं. परत आलो तर काका खुर्चीत, थर्मास पालथा वाळत घातलेला, आणि टाकीत, मधल्या मोठ्या दगडावर, एक नवा कोरा खडकचिकटा. बाकीच्यांहून लालसर, पोट गरगरीत, आणि इकडेतिकडे बघत, की आपण कुठे आलो.

मामा, माझ्या ओठांवर आलं होतं. तुम्हाला माहीत आहे माझ्या ओठांवर आलेलं कधी परत जात नाही. त्या सकाळी ऐकलेला 'आळस' हा शब्द, ते "बाहेर हो", सगळं एका दमात फेडता आलं असतं. काकांनी चष्मा लावला. वाकले. बोट धरलं. "एक, दोन, तीन..." लालसर माशावर आले तेव्हा चष्मा सारखा केला. "...आठ," म्हणाले, माझ्याकडे न बघता, आणि मग जरा मोठ्यानं, शेजारच्या दुकानात ऐकू जाईल असं, "आठ!" मी म्हणालो, "हो काका, आठ." एवढंच. श्याओमाननं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का.

आणि मग काकांनी रुमाल काढला तेव्हा खिशातून सायकलच्या ट्यूबची पट्टी खाली पडली. माशांची पिशवी सायकलच्या ट्यूबनं बांधणारा माणूस अख्ख्या डोंगरात एकच आहे. म्हणजे काका तुमच्याकडे होते. तुमच्या ओढ्यात उतरले होते. तुमच्या पायरीवर बसून मामींचा चहा प्यायले असणार, आणि वर हे जे मी इतकी पानं भरून सांगितलं ते सगळं तुम्हाला त्यांच्या तोंडून आधीच कळलं असणार, खुनीसकट. तुमचा पत्ता त्यांना कुणी दिला हे मी श्याओमानला विचारलं, तर ती फोनपुढे बसून गिऱ्हाइकांशी बोलायला लागली. निदान फोन तरी करायचात! पण पत्र लिहून झालंय, आणि सुरू केलेलं आता पुरं करायचं असं मी ठरवलंय. म्हणून पाठवतोय.

ता. क. तिसरा आणि खरा. पौर्णिमेच्या चहाला तुम्ही आणि मामी याच. पण मोठी माणसं म्हणजे आईसुद्धा, तिच्याशिवाय काकांपुढे बसता येणार नाही. आणि आई समजते की मी अजून नान्निंगच्या वसतिगृहात राहून पूल शिकतोय. दर महिन्याला ती तिथे वाळवलेले बांबूचे कोंब पाठवते आणि माझा मित्र ते इकडे रवाना करतो, निम्मे खाऊन. तेव्हा पौर्णिमेच्या आत तुम्ही तिच्याकडे जा आणि सांगा. आधी श्याओमानचं सांगा, मग कॉलेजचं. उलटं सांगितलंत तर दुसरं ऐकायला ती थांबणार नाही. तुम्ही तिला घाबरता हे मला माहीत आहे. पण तुम्ही तिचे धाकटे भाऊ, लहानपणापासून तिच्या हातचा मार खाल्लाय, अजून एकानं काय होतंय? मी गेलो तर तिला माराची पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. उत्तर मो ड्रायव्हरच्या हातीच पाठवा, फोन करू नका.

बस चारला सुटते, पावणेचार झालेत. काका खुर्च्या मोजत उभे आहेत. आत्ताच विचारलं, "तुझ्याकडून चहाला किती जण धरू?" मी खिशातलं हे पत्र चाचपलं. मग म्हणालो, "उत्तर आलं की सांगतो." ते म्हणाले, "मग नीघ, बस चुकवशील. आणि दार लाव, माशांची गार हवा बाहेर चाललीय."

हे शेवटचं बाहेर हातगाडीवर कागद ठेवून लिहितोय. निघालो. दार लावून घेतलं.